स्टोमालगतचा अंतर्गळ : दोष कोणाचा, दक्षता कोणती?

हैदराबाद शहरातील कोठी हा भाग मराठी माणसाला परका नाही. निजामाच्या राज्यात इंग्रज सरकारचा जो रेसिडेंट असे, त्याची कोठी येथे उभी राहिली आणि तिच्यावरून सगळ्या वस्तीलाच कोठी हे नाव पडले. शेजारच्या जांबागेत विवेकवर्धिनीसारखी मराठी मंडळींनी उभारलेली शिक्षणसंस्था आहे. सुलतान बाजारात कापडाची दुकाने आहेत, बडी चावडीला भाजीबाजार आहे, आणि जुन्या पुस्तकांसाठी तर विद्यार्थी दूरदूरहून कोठीला येतात. याच गजबजाटात उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय आहे व त्याच्या आसपास औषधांची आणि शस्त्रक्रियेच्या साहित्याची दुकाने आहेत. कुबड्या, कमरेचे पट्टे, रक्तदाब मोजण्याची यंत्रे अशा मालाबरोबर या दुकानांत आणखी एक वस्तू मागितली जाते. ती मागताना गिऱ्हाइकाचा आवाज बहुधा खाली येतो. ती वस्तू म्हणजे पोटावर चिकटविण्याची मलाची पिशवी.

ज्या माणसाचे गुदाशय अथवा आतड्याचा काही भाग रोगामुळे काढावा लागतो, किंवा काही काळ विश्रांतीत ठेवावा लागतो, त्याच्या पोटाच्या भिंतीला एक छिद्र पाडून आतड्याचे तोंड तेथे बाहेर काढतात. या तोंडाला स्टोमा म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही तोंड असाच आहे. मोठ्या आतड्याचे तोंड बाहेर काढले तर ती कोलोस्टॉमी, लहान आतड्याचे काढले तर इलिओस्टॉमी. मूत्रमार्गासाठी केलेल्या अशाच वाटेला युरोस्टॉमी म्हणतात. मोठ्या आतड्याचा व गुदाशयाचा कर्करोग, आतड्याला होणारा दीर्घकाळचा दाह, अपघात, विषमज्वराने किंवा क्षयाने आतड्याला पडलेले भोक, आतड्याला बसलेला पीळ, अशी त्याची अनेक कारणे असतात. काहींचा स्टोमा थोड्या महिन्यांनी बंद करता येतो. काहींना तो जन्मभर बाळगावा लागतो.

या स्टोमाने माणसाचा जीव वाचविलेला असतो. परंतु पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुष्कळांच्या पोटावर, स्टोमाच्या बाजूला, एक मऊ फुगवटा दिसू लागतो. उभे राहिले की तो मोठा होतो, निजले की बहुधा बसतो. खोकला आला की हाताला त्याचा धक्का लागतो. पिशवी नीट चिकटत नाही, कडेने गळू लागते, कपडे खराब होतात. घरातील मंडळी म्हणतात, “तरी सांगत होतो, जड उचलू नका म्हणून!” आणि रुग्णालाही वाटू लागते की आपल्याच हातून काही तरी घडले. या फुगवट्यालाच स्टोमालगतचा अंतर्गळ, म्हणजे हर्निया, म्हणतात. तो कशाने होतो, कोणाला होण्याचा संभव अधिक, आणि त्यातील कोणत्या गोष्टी माणसाच्या आवाक्यातील आहेत, हे नीट समजले तर अकारण अपराधीपणाही टळेल आणि अकारण बेफिकिरीही.

पोट उघडून करावयाच्या शस्त्रक्रियेला गुंगीच्या औषधाची जोड मिळाली तेव्हापासूनच हा प्रश्न खऱ्या अर्थाने उद्भवला, आणि त्या इतिहासात हैदराबादचे नाव आहे. उस्मानिया महाविद्यालयाची पूर्वज असलेली हैदराबाद मेडिकल स्कूल ही संस्था १८४६ साली निघाली. तिचे एक प्रमुख आणि रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने, निजामाच्या द्रव्यसाह्यावर, १८८८ व १८८९ साली क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेची चौकशी करणारी दोन मंडळे येथे बसली. दुसऱ्या मंडळाच्या कामासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन हे नामांकित वैद्य आले होते. क्लोरोफॉर्मने हृदयाला थेट धोका नाही, हा या मंडळांचा निष्कर्ष पुढील काळात टिकला नाही. तथापि गुंगीचे शास्त्र हळूहळू पक्के होत गेले आणि पोटावरील मोठ्या शस्त्रक्रिया रुग्णाला सोसतील अशा झाल्या.

१९०८ साली लंडनचे अर्नेस्ट माइल्स यांनी गुदाशयाचा कर्करोग पोटाच्या व खालच्या अशा दोन्ही बाजूंनी समूळ काढण्याची पद्धत मांडली. तिच्यात कायमची कोलोस्टॉमी अपरिहार्य होती. १९५२ साली बर्मिंगहॅमचे ब्रायन ब्रुक यांनी इलिओस्टॉमीचे तोंड बाहीसारखे उलटवून शिवण्याची युक्ती काढली, आणि त्वचा सोलून निघण्याचा मोठाच त्रास कमी झाला. १९५४ साली डेन्मार्कमधील परिचारिका एलिसे सोरेन्सेन हिने आपल्या बहिणीसाठी, एकदा वापरून टाकून देता येईल अशी चिकट पिशवी कल्पिली. रोग हटला, त्वचा वाचली, पिशवी आली; परंतु पोटाच्या भिंतीला पडलेले भोक मात्र राहिले. अंतर्गळाचे मूळ त्या भोकात आहे.

पोटाची भिंत ही एखाद्या विणलेल्या पट्ट्यासारखी आहे. त्वचेखाली चरबी, चरबीखाली स्नायूंचे थर, त्या थरांना वेढणारा पांढरा चिवट पडदा, आणि अगदी आत आतड्यांना झाकणारे पातळ उदरावरण. खोकताना, शिंकताना, कुंथताना, उठताना आतला दाब वाढतो आणि ही भिंत तो सर्व बाजूंनी सारखा झेलते. आता याच भिंतीला दोन बोटे जाईल एवढे छिद्र पाडले आणि त्यातून आतडे बाहेर आणले, की तेवढ्या जागी विणीचे धागे तुटतात. इतर जखमांप्रमाणे हे छिद्र शिवून बुजविता येत नाही, कारण त्यातून आतड्याला वाट द्यावयाची असते. ते अगदी घट्ट ठेवावे तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो व मलाची वाट अडते. सैल ठेवावे तर आतड्याच्या कडेने दुसरे आतडे किंवा चरबीचा पदर बाहेर सरकतो. ही अडचण कोणत्याही सर्जनला पूर्णपणे टाळता आलेली नाही. लीड्सचे नामवंत सर्जन जॉन गोलिघर यांनी तर काही प्रमाणात असा अंतर्गळ अटळच आहे, असे मत दिले होते.

युरोपातील हर्नियातज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात याचे प्रमाण सांगितले आहे. शस्त्रक्रियेनंतर एका वर्षात ३० टक्क्यांहून अधिक, दोन वर्षांत सुमारे ४० टक्के, आणि त्याहून दीर्घ काळ पाहिल्यास ५० टक्के किंवा त्याहूनही अधिक स्टोमाधारकांना असा अंतर्गळ होतो, असा तो अंदाज आहे. म्हणजे ज्यांचा स्टोमा कायमचा आहे त्यांच्यापैकी जवळजवळ दर दोघांत एकाला. जी गोष्ट निम्म्या लोकांना होते तिचे खापर एका माणसाने एका दिवशी उचललेल्या एका घागरीवर फोडणे न्यायाचे नाही. पहिले कारण भोक. बाकीची सारी कारणे त्या भोकाला मोठे करणारी आहेत. ती कारणे तीन गटांत मांडली म्हणजे विषय सोपा होतो.

पहिला गट शस्त्रक्रियेकडून येणाऱ्या कारणांचा. कोणत्या आतड्याचे तोंड काढले याला महत्त्व आहे. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या टोकाची कायमची कोलोस्टॉमी असेल तर अंतर्गळाचा संभव सर्वांत अधिक. इलिओस्टॉमीत तो कमी. आणि काही महिन्यांनी बंद होणाऱ्या तात्पुरत्या स्टोमात आणखी कमी, कारण त्याला मुळी अवधीच मिळत नाही. दुसरी बाब छिद्राच्या मापाची. ऑस्ट्रेलियात झालेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले की, छिद्राच्या मापात एकेका मिलिमीटरची भर पडली तशी अंतर्गळाची शक्यता सुमारे १० टक्क्यांनी वाढत गेली. याचे कारण भौतिकशास्त्रात सापडते. गोलाकार पोकळीच्या भिंतीवरील ताण दाबाबरोबर वाढतो तसा त्रिज्येबरोबरही वाढतो. म्हणून मोठे छिद्र आणखी मोठे होण्याकडेच झुकते. मोठ्या पोटाची गोष्टही तीच.

स्टोमा कोठे काढावा ही तिसरी बाब. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला निजवून, बसवून, उभा करून, वाकवून पाहावे आणि जागेवर खूण करावी, हा उत्तम प्रघात आहे. बसल्यावर पोटाला पडणारी वळी, जुन्या जखमेचा व्रण, बेंबी, बरगडीची व कमरेच्या हाडाची कड, आणि आपल्याकडे विशेषतः परकराची नाडी, साडीचे निरीचे ठिकाण, धोतराची गाठ किंवा विजारीचा पट्टा जेथे येतो ती रेघ टाळावी लागते. अशी खूण केल्याने पिशवी नीट बसते आणि रुग्णाला स्वतःचा स्टोमा दिसतो. आतडे पोटाच्या मधल्या उभ्या स्नायूतून काढावे की त्याच्या कडेने, याविषयी बराच वाद झाला; परंतु एक मार्ग दुसऱ्याहून निश्चित सरस आहे असे सिद्ध झालेले नाही. गोलिघर यांनी १९५८ साली आतडे उदरावरणाच्या बाहेरून, तिरप्या बोगद्यातून, नेण्याची पद्धत मांडली. ती पद्धत वापरली असता कोलोस्टॉमीच्या रुग्णांत अंतर्गळ कमी होतो, असे पुढील अभ्यासांचा एकत्रित विचार करणाऱ्यांना दिसून आले आहे.

परंतु हे सारे ठरवायला वेळ लागतो, आणि वेळ हीच आपल्याकडील रुग्णालयांत दुर्मिळ गोष्ट. आतडे फुटलेला, पोट फुगलेला, नाडी क्षीण झालेला रुग्ण मध्यरात्री येतो तेव्हा खूण करण्याचे, बसवून पाहण्याचे सवडीचे क्षण मिळत नाहीत. सुजलेले आतडे बाहेर काढायचे तर छिद्र मोठे ठेवावे लागते. त्यात जखम चिघळली तर कडा आणखी दुबळ्या होतात. म्हणून जो स्टोमा घाईत झाला त्याची नंतरची देखरेख अधिक काळजीने व्हावी. तो तात्पुरता असेल तर बंद करण्याची तारीख टाळत राहू नये. गाव दूर आहे, पैसे जमले नाहीत, घरचे कार्य आहे, अशा कारणांनी काही महिन्यांचा स्टोमा वर्षानुवर्षे राहतो, आणि मग जो अंतर्गळ झाला नसता तोही होतो.

दुसरा गट रुग्णाच्या शरीराकडून येणाऱ्या कारणांचा. वय हे त्यातील पहिले. वर सांगितलेल्या पाहणीत वयाच्या एकेका वर्षाबरोबर शक्यता सुमारे ४ टक्क्यांनी वाढलेली दिसली. साठीनंतर स्नायू पातळ होतात आणि भिंतीला चिवटपणा देणारे कोलॅजन नावाचे तंतू जुन्या दोरासारखे विरू लागतात. ज्यांना पूर्वी जांघेचा किंवा बेंबीचा अंतर्गळ झाला आहे त्यांचे तंतू मुळातच कच्चे असण्याचा संभव असतो. काही पाहण्यांत स्त्रियांना हा विकार अधिक आढळला आहे. दीर्घकाळ स्टिरॉइडची औषधे घेणारे, मधुमेह ताब्यात नसलेले, कर्करोगाने अथवा उपासमारीने खंगलेले आणि जलोदराने पोट फुगलेले, या सर्वांच्या जखमा उशिरा व दुबळ्या भरतात. यांपैकी वय आणि जन्मजात ठेवण बदलता येत नाही. मधुमेह व पोषण यांच्याबाबत पुष्कळ करता येते. आजारपणात केवळ पेज आणि साबुदाण्याची लापशी यांवर महिना काढणाऱ्या रुग्णाच्या जखमेला बांधकामाचे साहित्यच मिळत नाही. डाळ, दूध, दही, अंडी, मासे यांपैकी जे घरात चालते आणि डॉक्टरांनी मना केलेले नाही, ते त्याच्या ताटात असले पाहिजे.

लठ्ठपणा हे याच गटातले, पण बऱ्याच अंशी बदलता येण्याजोगे कारण. शरीराचे वजन किलोग्रॅममध्ये घेऊन त्याला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले म्हणजे जो अंक येतो, तो २५ च्या वर गेल्यास जोखीम वाढू लागते. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला ही मर्यादा ६४ किलो वजनाला गाठते. परंतु एकंदर वजनापेक्षाही कमरेचा घेर अधिक बोलका असतो. बेल्जियममधील एका लहान पाहणीत, जी २००८ साली प्रसिद्ध झाली, कमरेचा घेर १०० सेंटिमीटरहून अधिक असलेल्या कोलोस्टॉमीधारकांना अंतर्गळ होण्याची शक्यता ७५ टक्के निघाली. हातपाय किडकिडीत आणि पोट तेवढे सुटलेले, ही ठेवण आपल्या बाजारपेठांतून, गादीवर बसून दिवस काढणाऱ्या मंडळींत, फार आढळते. वजनकाट्यावर अशा माणसाला समाधान वाटते. शिंप्याची फीत मात्र खरे सांगते. ज्याची शस्त्रक्रिया ठरलेली आहे आणि हातात काही आठवडे आहेत, त्याने ते आठवडे चालण्यात व आहार आवरण्यात घालविले तर ते फुकट जाणार नाहीत. शस्त्रक्रियेनंतरही भूक परत येते तेव्हा, आजारात गेलेले वजन भरून काढता काढता मूळ वजनाच्या पुढे जाणे, हा नेहमी घडणारा प्रकार आहे. त्यावर नजर असावी.

तिसरा गट रोजच्या राहणीतील कारणांचा. येथे लोकांची समजूत आणि वस्तुस्थिती यांत बरेच अंतर आहे. घरोघरी सारा रोष जड उचलण्यावर असतो. अमेरिकेत वीस निरोगी तरुण माणसांच्या पोटातील दाब निरनिराळ्या हालचालींत मोजून तो २००५ साली प्रसिद्ध करण्यात आला. नुसते उभे असताना तो पाऱ्याच्या सुमारे २० मिलिमीटर इतका होता. उभ्याने खोकताना तो १०० मिलिमीटरच्या वर गेला, आणि उडी मारताना त्याहूनही वर. उलट, सुमारे साडेचार किलोचे वजन उचलताना अथवा गुडघ्यात वाकताना तो फारसा वाढला नाही. भाजीची मध्यम पिशवी उचलणाऱ्या स्टोमाधारकाला घरचे लोक धावत जाऊन अडवितात. पण तोच गृहस्थ विडी ओढून पहाटेपासून खोकत असतो, तिकडे कोणी लक्ष देत नाही. एका खोकल्याने काही बिघडत नाही. दिवसाला शेकडो वेळा, महिनोन्महिने, त्याच भोकावर आतून होणारे हे प्रहार मात्र हळूहळू आपले काम करतात.

म्हणून धूम्रपान सोडणे हा या बाबतीतला सर्वांत मोलाचा सल्ला ठरतो. त्याचे दोन लाभ आहेत. खोकला कमी होतो हा एक. आणि धुरातील विषारी द्रव्यांनी जखमेचा रक्तपुरवठा व तंतूंची जडणघडण बिघडते, ती सावरते, हा दुसरा. तंबाखू चघळण्याने किंवा जर्दा खाण्याने खोकला येत नाही म्हणून ती निर्धोक, असेही समजू नये. निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते, मग ते कोणत्याही वाटेने आत जावो. दम्याच्या रुग्णाने श्वासातून घ्यावयाचे औषध नियमित घ्यावे. दोन आठवडे न थांबणारा खोकला असेल तर त्याची तपासणी व्हावी. आपल्या देशात त्यामागे क्षय असण्याचा संभव नेहमीच लक्षात ठेवावा लागतो.

खोकल्याच्या खालोखाल कुंथणे. कोलोस्टॉमी असलेल्यालाही मलावरोध होतो, आणि जोर करण्याची जुनी सवय सुटत नाही. पुरेसे पाणी, पालेभाज्या व फळे आणि रोजचे चालणे यांनी तो बहुधा आवरतो. न आवरल्यास डॉक्टरांकडून सौम्य रेचक घ्यावे. इलिओस्टॉमी असलेल्यांनी मात्र कोंडा, सालपटे, चिवट रेषेच्या भाज्या यांविषयी आपल्या डॉक्टरांचा सल्ला वेगळा घ्यावा, कारण त्यांच्या बाबतीत अशा पदार्थांनी वाट तुंबू शकते. वृद्ध पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने लघवीसाठी जोर करावा लागतो. त्या जोराचा परिणामही त्याच भोकावर होतो आणि ही गोष्ट सांगायला ते संकोचतात. ती सांगितली तर उपाय आहे.

मग जड उचलण्याचे काय? ते सर्वस्वी निरुपद्रवी आहे असा वरच्या मोजणीचा अर्थ नव्हे. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन ते तीन महिने जखमेचे तंतू कोवळे असतात. त्या काळात भरलेला हंडा, धान्याचे पोते, गॅसची टाकी, कडेवर बसू पाहणारे थोराड नातवंड, यांपासून दूर राहणेच शहाणपणाचे. पुढे उचलणे भागच पडले तर श्वास कोंडून, कमरेत वाकून उचलू नये. गुडघे वाकवून, ओझे अंगाशी धरून, श्वास सोडत उचलावे. बाजारात हमाली करणाऱ्याला किंवा शेतात राबणाऱ्याला “आता काही उचलू नका” एवढेच सांगून भागत नाही, कारण ते त्याचे पोट आहे. त्याला केव्हा, किती व कोणत्या पट्ट्याच्या आधाराने काम सुरू करता येईल, हे सर्जनने स्पष्ट सांगणे आणि घरच्यांनी त्या अवधीपुरता त्याचा भार वाटून घेणे, हाच व्यवहार्य मार्ग होय.

रोजच्या काही लहान सवयी मात्र सर्वांनाच साधतील. खोकला, शिंक किंवा मोठे हसू येणार असे वाटताच तळहात स्टोमावर सपाट दाबून धरावा, किंवा पहिल्या आठवड्यांत छोटी उशी धरावी. अंथरुणातून एकदम सरळ उठून बसण्याऐवजी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या आधाराने उठावे. जखम भरल्यावर डॉक्टरांच्या अनुमतीने रोज चालणे वाढवावे आणि पोटाच्या स्नायूंचे हलके व्यायाम शिकून घ्यावेत. भीतीने महिनोन्महिने खाटेवर पडून राहिलेल्या माणसाचे पोट सुटते आणि स्नायू खंगतात. म्हणजे ज्या संकटाला भिऊन तो निजला तेच तो जवळ बोलावतो.

कोठीच्या दुकानांत मिळणाऱ्या पट्ट्यांविषयी एक सावधगिरी हवी. कमरदुखीचा, बाळंतिणीचा आणि स्टोमाचा पट्टा एक नव्हे. पट्टा योग्य मापाचा हवा. तो निजलेल्या स्थितीत, फुगवटा बसलेला असताना बांधावा, आणि त्याने स्टोमाचे तोंड आवळले जाता कामा नये. अशा पट्ट्याने अंतर्गळ होतच नाही असे निश्चित सिद्ध झालेले नाही. परंतु झालेल्या अंतर्गळाला आधार मिळतो, दुखणे कमी होते आणि पिशवी नीट राहते, असा पुष्कळांचा अनुभव आहे. खरेदीपूर्वी सर्जनला किंवा स्टोमाचे विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकेला पोट दाखवावे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथे स्टोमाच्या रुग्णांसाठी विशेष सेवा आहे. स्टोमाधारकांना एकत्र आणणारी ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही मुंबईत काम करीत आली आहे.

शस्त्रक्रियेच्या वेळीच छिद्राभोवती कृत्रिम धाग्यांची जाळी बसवून अंतर्गळ आधीच रोखावा, असाही प्रयत्न होतो. नेदरलँड्समध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जाळी बसविलेल्यांपैकी एका वर्षात सुमारे ४.५ टक्क्यांना, तर न बसविलेल्यांपैकी सुमारे २४ टक्क्यांना अंतर्गळ झाला. युरोपीय मार्गदर्शनाने कायमच्या कोलोस्टॉमीसाठी अशा जाळीची शिफारस केली. परंतु स्वीडनमध्ये २३२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही बाजूंना फरक आढळला नाही. क्लोरोफॉर्मच्या मंडळांचे जे झाले तेच येथेही घडते आहे : शास्त्र एका चाचणीने निकाल देत नाही. म्हणून जाळी बसवावी की नाही हा प्रश्न रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वी आपल्या सर्जनला अवश्य विचारावा, आणि आपले वय, घेर, खोकला व पूर्वीचा हर्निया हे सारे त्यांना मोकळेपणाने सांगावे. त्यावरच उत्तर अवलंबून आहे.

अंतर्गळ झालाच तर घाबरून जाण्याचे कारण नाही. पुष्कळांना त्याचा त्रास किरकोळ असतो. पट्टा, पिशवीच्या चकतीचा योग्य प्रकार आणि वजनावर ताबा एवढ्यावर वर्षानुवर्षे निभावते. दुखणे वाढले, पिशवी टिकेनाशी झाली, आतडे वारंवार अडू लागले, तर पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार होतो. नुसते टाके घालून छिद्र लहान केल्यास अंतर्गळ बहुधा परत येतो, म्हणून जाळीचा आधार घेतात; १९८५ साली पॉल शुगरबेकर यांनी वर्णन केलेली पद्धत त्यासाठी विशेष प्रचारात आहे. धोक्याच्या खुणा मात्र प्रत्येक घरात पाठ असाव्यात. फुगवटा एकाएकी कठीण होऊन बसेनासा झाला, पोटात तीव्र कळा येऊ लागल्या, उलट्या सुरू झाल्या, पिशवीत मल किंवा वायू येणे थांबले, अथवा स्टोमाचा लालसर रंग जाऊन तो जांभळा किंवा काळा दिसू लागला, तर आतडे आवळले गेले असण्याचा संभव असतो. तेव्हा शेकणे, चोळणे, काढा, रेचक यांत एक तासही घालवू नये. काही न खाता-पिता तडक मोठे रुग्णालय गाठावे.

शेवटी घरच्या मंडळींविषयी. स्टोमा झालेला माणूस पंगतीत बसायला, लग्नकार्याला जायला, मुलाबाळांजवळ निजायलाही बिचकतो. त्यात हा फुगवटा आला की तो आणखी आत वळतो, आणि डॉक्टरांना दाखविण्याऐवजी सदऱ्याखाली लपवितो. त्याला दोष देणारा एक शब्द त्याचे लपविणे वाढवितो आणि एखाद्या दिवशी जीवही धोक्यात घालतो. त्याच्या पोटाला भोक पडले ते त्याचा जीव वाचावा म्हणून. त्या भोकाची जोखीम त्याने हौसेने घेतलेली नाही. विडी विझविणे, घेर आवरणे, खोकल्यावर व मलावरोधावर वेळीच उपाय करणे आणि धोक्याच्या खुणा ओळखणे एवढे त्याच्या हाती आहे. ते त्याला प्रेमाने करू देणे घरच्यांच्या हाती आहे. एवढे साधले, तर कोठीच्या दुकानात पिशवी मागताना त्याला आवाज खाली आणण्याची गरज वाटणार नाही.